खुर्ची राहू दे

गेल्या दिवाळीच्या आधी घरी गेलो होतो तेव्हा आमच्या होमस्टेचे नवे फोटो काढले. घर मालवण तालुक्यात, वायरीला. समुद्र चालत पाच मिनिटांवर. घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्यात, त्यांचं कर्ज अजून फिटायचंय. खोल्या आई बघते. पुण्यात नोकरी करता करता बुकिंग सांभाळणं हे माझं काम. ज्या साइटवर आमची नोंद आहे तिच्या सूचना स्पष्ट आहेत: फोटो दिवसाउजेडी काढा, पसारा आवरा, फोटोत माणसं नकोत.

दोन फोटोंत माणसं आली होती. एकात आई. पडवीत निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. दुसऱ्यात सकाळचा किनारा आणि त्यावर रापण ओढणारी तीसेक माणसं. रापण पाहिली नसेल तर सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोलात सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि माणसांच्या दोन रांगा ते दोर तासन्‌तास ओढत जाळं वाळूवर आणतात. मग मासळीचे वाटे होतात.

फोनमध्ये नको ते पुसायची सोय आहे. मी आईभोवती बोटाने गोल काढला. तीन-चार सेकंदांत आई गेली, खुर्ची गेली, सूप गेलं. तिथे लाल कोब्याची गुळगुळीत जमीन आली आणि कोपऱ्यात एक कुंडी, जी आमच्या घरात कधीच नव्हती. रापणीला जरा जास्त वेळ लागला, कारण दोरांच्या सावल्या वेगळ्या पुसाव्या लागल्या. शेवटी स्वच्छ, रिकामा, सोनेरी किनारा मिळाला. खरं सांगायचं तर मला तो आवडला. दोन्ही फोटो चढवले. बुकिंग वाढली.

आईला लिंक पाठवली होती. तिने पडवीचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "झिला, मी खंय आसंय ह्यात?" मी हसून विषय बदलला. डिसेंबरात एक जोडपं राहायला आलं. पहिल्याच सकाळी किनाऱ्यावरून परत येऊन त्यांनी विचारलं, ही माणसं इथे रोज असतात का, फोटोत तर किनारा रिकामा होता. बोलणं अगदी सभ्य होतं. चूक त्यांची नव्हतीच, त्यांनी माझ्या फोटोवर विश्वास ठेवला होता. पण ते बोलत होते तेव्हा शेजारचे काका खळ्यात उभे होते, आणि काका रापणीवर जातात. त्यांनी माझा फोन मागून घेतला, फोटो पाहिला आणि म्हणाले, "आमका पुसलंस तां ठीक. पण रापण खंय व्हरतलंस?"

या लेखात मला त्या प्रश्नाचा पाठपुरावा करायचाय. चित्रातून माणूस काढणं कधी चूक ठरतं? आणि ठरत असेल, तर नेमकं कशामुळे?

प्रश्न सोपा नाही, कारण माणसं नसलेली कितीतरी चित्रं मला मनापासून आवडतात. डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉय याचीच घ्या. जन्म 1864, मृत्यू 1916. 1898 ते 1909 या काळात तो कोपनहेगनमध्ये स्ट्रांडगेड या रस्त्यावर 30 नंबरच्या घरात राहायचा, आणि त्याच घराच्या खोल्या त्याने पुन्हा पुन्हा रंगवल्या. राखाडी भिंती, पांढरी दारं, एखादं टेबल, खिडकीतून येणारा उजेड. काही चित्रांत त्याची बायको इडा आहे, बऱ्याचदा पाठमोरी. काही चित्रांत कुणीच नाही. 1900 सालच्या एका प्रसिद्ध चित्रात फक्त एक बंद दार आहे, एक खिडकी आहे, तिच्यातून जमिनीवर पडलेलं ऊन आहे आणि त्या उन्हात तरंगणारे धुळीचे कण आहेत.

काकांनी तो प्रश्न विचारला त्या रात्री मी ही चित्रं फोनवर पाहत बसलो. मनात आलं, यानेही माणूस बाहेर ठेवलाच की. राहत्या घरात पसारा असतो, तो त्याने चित्रात येऊ दिला नाही. प्रत्येक चित्रकार हेच करतो. चौकट आखली की काहीतरी बाहेर राहतं. मग त्याच्या रिकाम्या खोलीपुढे मी अर्धा तास बसतो आणि माझ्या रिकाम्या पडवीची मला लाज का वाटते?

पहिलं उत्तर लगेच सुचलं: मी खोटं बोललो. फोटो म्हणजे एक प्रकारचा पुरावा, आणि चित्राकडून आपण तशी अपेक्षा ठेवत नाही. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. समजा मी काहीही न पुसता दुपारी दोनला किनाऱ्यावर गेलो असतो. त्या उन्हात तिथे कुत्रंसुद्धा नसतं. मला खराखुरा रिकामा किनारा मिळाला असता. फोटोतला प्रत्येक पिक्सेल खरा, आणि तरीही पाहुण्यांचा गैरसमज तोच झाला असता. काकांचा प्रश्नही तोच राहिला असता. म्हणजे दोष नुसत्या खोटेपणात नाही.

दुसरं उत्तर: मी विचारलं नाही. आईची परवानगी घेतली नाही. हेही खरं. पण मी विचारलं असतं तर आई हसून "पुस रे" म्हणाली असती, हे मला माहीत आहे. आमच्याकडे बायका फोटो निघतोय म्हटल्यावर स्वतःहून बाजूला होतात. परवानगी मिळाली असती, आणि तरी काहीतरी चुकलंच असतं.

तिसरं उत्तर मला माझ्या कामाच्या बाजूने मिळालं. माझं रोजचं काम बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं, चित्रांशी त्याचा संबंध नाही. पण हे पुसणं कसं चालतं ते थोडंफार समजतं. तुम्ही बोटाने जो भाग निवडता तो मॉडेलच्या दृष्टीने भोक असतं. त्या भोकाच्या पलीकडे खरोखर काय होतं हे त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नसते. आजूबाजूचे रंग, पोत, रेषा पाहून आणि आधी शिकलेल्या असंख्य चित्रांच्या जोरावर ते अंदाज बांधतं की अशा ठिकाणी बहुधा काय असतं. यशाचं मापही तेवढंच: पाहणाऱ्याला इथे काही होतं असा संशय येता कामा नये. म्हणजे माणूस काढणं हे त्यातलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे तो कधी होता याची खूण बुजवणं. माझ्या पडवीत म्हणूनच ती कुंडी आली. आईची जागा रिकामी ठेवायची सोय त्या साधनात नाही, ती भरायचीच असते.

आता हॅमरशॉयची खोली पुन्हा पाहा. दार बंद आहे, पण ते दार आहे. ऊन जमिनीवर पडलंय. आत्ता ते दार उघडून इडा आत आली, तर चित्र बिघडणार नाही. ती चालत खिडकीपर्यंत जाईल आणि उभी राहील, ती खोली तिचीच आहे. इतर चित्रांत आपण तिला तिथे पाहिलेलंही असतं. खोलीने तिची जागा धरून ठेवलीय. माझ्या फोटोत मात्र आई परत आली तर कुठे बसेल? जिथे ती होती तिथे कुंडी आहे. ती अडचण होऊन परत येईल. माझ्या किनाऱ्यावर रापणकर परत आले तेव्हा नेमकं हेच झालं. आपल्याच किनाऱ्यावर ते पाहुण्यांच्या डोळ्यांत अडथळा ठरले.

मला सापडलेली कसोटी ही अशी आहे. चित्रात माणूस आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. जो नाही तो परत आला तर त्याला तिथे जागा आहे का, हे विचारा. दुपारी दोनच्या खऱ्या फोटोलाही ही कसोटी लागू पडते. त्या फोटोत वाळूवर ओढलेल्या होड्या आणि सुकत घातलेली जाळी ठेवली असती, तर माणूस नसतानाही किनारा कुणाचा ते कळलं असतं. मी ती चौकटीबाहेर ठेवली असती, तर काहीही न पुसता पुसण्याचंच काम झालं असतं.

इथे कुणी म्हणेल, मग सरळ माणसं दाखवा की. साधा उपाय. माझ्या एका मित्राने हेच सुचवलं. म्हणाला, हल्ली पाहुण्यांना स्थानिक अनुभव हवा असतो, काकूंना नऊवारी नेसव, नथ घाल, जात्यावर बसव, फोटो तुफान चालेल. आमच्या घरात जातं आहे, परसात उलटं पडलंय, त्यावर मांजर बसतं. आई घरात गाऊन घालते आणि त्यावर टॉवेल टाकते. नऊवारीतली ती बाई फोटोत असती, आणि आई त्या फोटोतही नसतीच. माणूस दाखवूनही पुसता येतो.

याचं एक मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातल्या चित्रकाराचं आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म 1882 चा, सावंतवाडीचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1908 मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, आणि जलरंगावर त्यांची विलक्षण हुकमत होती. त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र तुम्ही पाहिलेलं असणारच, कॅलेंडरवर किंवा कुणाच्या तरी दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये. अंधारात उभी एक साडीतली स्त्री, एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आडोशाला. उजेड बोटांतून आरपार येतो आणि बोटं आतून पेटल्यासारखी लाल दिसतात. मागे काही नाही. 1945-46 च्या सुमारास काढलेलं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता.

बंगळुरूला ट्रेनिंगसाठी गेलो होतो तेव्हा एका रविवारी मी ते पाहायला म्हैसूरला गेलो. तेलरंगातलं वाटावं इतका गडद अंधार, आणि तो सगळा पाण्याच्या रंगातला. माझ्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबात एक जण दुसऱ्याला सांगत होता, हे राजा रविवर्म्याचं. हा गैरसमज जुना आणि सर्वत्र पसरलेला आहे. रविवर्मा 1906 मध्ये गेले, म्हणजे या चित्राच्या सुमारे चाळीस वर्षं आधी. पण दिवा धरलेली सुंदर बाई म्हणजे रविवर्मा, असा अंदाज आपल्या डोक्यातलं मॉडेल बांधतं आणि भोक भरून टाकतं. बाप गेला, मुलगी गेली, सावंतवाडी गेली. उरली एक दिवा धरलेली भारतीय नारी. चित्रात आकृती ठसठशीत आहे आणि तरी माणूस हरवलाय.

गंमत म्हणजे दोष चित्राचा नाही. चित्राने त्या मुलीची जागा पुरती राखलीय. हाताची ठेवण, चेहऱ्यावरचा उजेड, हे एका खऱ्या माणसाकडे बराच वेळ पाहिल्याशिवाय येत नाही. तिचं नाव ज्याला कळतं त्याला ते चित्र पुन्हा पाहावंसं वाटतं, आणि नाव घेऊन गेल्यावर त्यात तिला जागा मिळते. रविवर्म्याचं म्हणून पाहिलं तर तिथे फक्त नमुना दिसतो. म्हणजे जागा राखायचं काम अर्धं चित्रकाराचं, अर्धं आपलं.

मग ज्यांच्या चित्रांत माणूसच काय, खोली किंवा किनाराही नसतो, त्यांचं काय? मालवणहून चौक्यावरून कुडाळला जाताना कर्ली नदीवरचा नेरूरपारचा पूल लागतो. चित्रकार प्रभाकर कोलते यांचा जन्म 1946 मध्ये याच नेरूरपारचा. त्यांनी जे. जे.मध्ये दोन दशकांहून जास्त शिकवलं. त्यांच्या कॅनव्हासवर एखाद्या रंगाचा मोठा विस्तार असतो, आणि त्याच्या खालून दुसरे रंग, आकार डोकावत असतात. त्यात नदी शोधू नये, मी शोधून पाहिली. कॉलेजात असताना मला अशा चित्रांचा राग यायचा. माणसांपासून पळून जाणं वाटायचं ते.

आता तसं वाटत नाही. असं चित्र कुठल्या ठिकाणाबद्दल काही सांगतच नाही. हा अमुक किनारा, हे अमुक घर, असा दावा त्यात नसतो, त्यामुळे तिथून कुणाला हाकलल्याचा प्रश्नच येत नाही. तिथे माणूस एकच असतो, समोर उभा राहून पाहणारा. जबाबदारी सुरू होते ती दावा केल्यावर. "ही वायरी" असं म्हटलं, की वायरीत कोण राहतं याचा हिशोब द्यावा लागतो. माझा फोटो दिसायला निवांत चित्रासारखा होता, पण खाली गावाचं नाव, एका रात्रीचा दर आणि "आता बुक करा" असं बटण होतं. त्या रिकामेपणाचं काम पाहणाऱ्याला थांबवणं हे नव्हतं. इथे कुणी नाही, या, हे सगळं तुमचंच आहे, हे सांगणं होतं.

हे एका होमस्टेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण कोकणात "रिकामी जागा" हा शब्द फार जड आहे. आमच्याकडचे जांभ्याचे सडे कागदोपत्री कितीतरी ठिकाणी पडीक म्हणून नोंदलेले आहेत. उन्हाळ्यात वरून पाहिलं तर खरंच काळा-तांबूस कातळ दिसतो, बाकी काही नाही. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. मालवण तालुक्यातच कुडोपीला माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती कातळात कोरलेल्या आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यात कुडोपीही आहे. पावसाळ्यात त्या सड्यांवर फुलं येतात, गुरं चरतात. पडीक असा शेरा मारणाऱ्याने खोटं लिहिलं असं नाही. तो आला तेव्हा तिथे कुणी नसेल. पण आधी चित्र रिकामं होतं, मग नकाशा रिकामा होतो, आणि त्यानंतर तिथे असलेल्यांनाच विचारलं जातं की तुम्ही मध्ये कुठून आलात. माझ्या पाहुण्यांचा प्रश्न याच प्रश्नाचं सौम्य रूप होता. तो जन्माला घालणारा फोटो मी काढला होता, गावातल्याच माणसाने.

म्हाळाच्या दिवसांत आमच्याकडे जे गेलेत त्यांच्यासाठी पान वाढतात. केळीच्या पानावर सगळं नेमाने मांडतात: वडे, भाजी, खीर. त्या पानावर त्या वेळी कुणी बसत नाही. लहानपणी मला तो वेडेपणा वाटायचा. आता वाटतं, जो नाही त्याच्याशी कसं वागावं याची रीत आमच्या घरात होतीच. त्याची जागा आवरून टाकायची नाही. तिथे दुसऱ्याला बसवायचं नाही. गेलेल्याचं सोंग करून कुणाला उभं करायचं नाही. जागा नीट मांडून ठेवायची.

जानेवारीत पुन्हा घरी गेलो तेव्हा दोन्ही फोटो काढून टाकले आणि आईला म्हटलं, आता तुझा चांगला फोटो काढतो, तू बस खुर्चीवर. तिने साफ नकार दिला. अनोळखी लोकांच्या फोनमध्ये जायची तिला मुळीच इच्छा नव्हती. मला वाटलं, म्हणजे शेवटी पडवी रिकामीच राहणार. तेवढ्यात मी सवयीने खुर्ची उचलायला गेलो. ती म्हणाली, "माझो फोटो नको. खुर्ची ऱ्हवांदे."

तर आता त्या फोटोत निळी खुर्ची आहे. एक पाय थोडा वाकलेला, पाठीवर टॉवेल, बाजूला जमिनीवर सूप. ऊन खुर्चीच्या अर्ध्यापर्यंत येतं. आई नाही, आणि तरी पाहणाऱ्याला कळतं की कुणीतरी आत्ता उठून आत गेलंय. किनाऱ्याचा फोटो काकांना विचारून घेतला. सगळी रांग पाठमोरी आहे, दोर ताणलेले. खाली लिहिलंय: सकाळी इथे रापण ओढतात, हात लावायचा असेल तर आधी विचारा.

बुकिंग थोडी कमी झाली. फोटोमुळे की मोसमामुळे, ते सांगता येत नाही. कर्जाचा हप्ता तेवढाच आहे, त्यामुळे मी शांत झोपतो असा आव आणणार नाही. महिन्याच्या शेवटी आकडे पाहताना तो सोनेरी, रिकामा किनारा अजून आठवतो. तो फोनमधून मी पुसलेला नाही. परवा आईने तो पाहिला आणि मोठा करत बराच वेळ वाळूत काहीतरी शोधत राहिली. रापणीत तिचा भाऊ होता.